सर्फ-बीहॉपमध्ये पॉइंट नक्की कशाचे मिळतात, आणि छोट्या लीगला कुठलं स्कोअरिंग बरं

डोंबिवलीच्या एका पोराने विचारलंय, प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तो काउंटर-स्ट्राइकमध्ये सर्फ खेळतो, म्हणजे गोळीबार सोडून तिरप्या रॅम्पवरून घसरत मॅपच्या शेवटाला कमीत कमी वेळात पोचायचं (बीहॉप म्हणजे तेच, पण सलग उड्या मारत). टिअर १ चा (टिअर म्हणजे अवघडपणाचा दर्जा, १ सगळ्यात सोपा) एक मॅप त्याने परीक्षेनंतरच्या सुट्टीत नुसता घासघास घासला, आता त्या सर्व्हरवर साधारण ४००० जणांत तो ९०० वा आहे आणि त्या मॅपचे त्याला मिळाले ११६ पॉइंट. त्याचा मित्र टिअर ४ च्या एका मॅपवर पडत धडपडत कसाबसा शेवटाला पोचला एकदाचा, ३०० जणांत त्याचा नंबर २०० च्याही खाली, आणि त्याला थेट २०० पॉइंट. "दादा हा झोल आहे की मलाच काही कळत नाहीये?" असा प्रश्न, आणि शेपटीला अजून दोन, मुंबईतून परदेशी सर्व्हरवर खेळताना पिंगमुळे (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) टाइम खराब होतो का, आणि कॉलेजच्या बारा जणांची लीग करायचीय तिला कुठलं स्कोअरिंग ठेवू.

झोल नाहीये भावा. तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोयस. टाइम हे मोजमाप आहे, घड्याळ म्हणालं १ मिनिट १२ सेकंद तर १ मिनिट १२ सेकंद, त्यात कोणाचं मत चालत नाही. पॉइंट म्हणजे कोणीतरी बसून ठरवलेला फॉर्म्युला, आणि ठरवणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा एवढंच असतं की माझ्या सर्व्हरवर आलेल्या पब्लिकने काय करत बसावं. नवनवीन मॅप पूर्ण करत सुटावं की एकाच मॅपवर शेवटचं दशांश सेकंद काढत बसावं, हे तो फॉर्म्युला ठरवतो. मी बरीच वर्षं सर्व्हर चालवतोय, मॅपना झोन लावतोय, टिअरवरून लोकांच्या शिव्या खातोय, त्यामुळे हे जरा आतून सांगतो, लांब होईल, चहा घेऊन बस.

आधी टाइमचं बघू कारण तिथेही लोकांचा बराच गैरसमज आहे. मॅपच्या सुरुवातीला एक न दिसणारा खोका असतो, स्टार्ट झोन, त्याच्या बाहेर पडलास की घड्याळ सुरू, आणि शेवटी एंड झोनला टेकलास की बंद. पण सर्व्हर सेकंद मोजत नाही, टिक मोजतो, टिक म्हणजे सर्व्हर गेमचा हिशोब करतो तो एक ठोका, आणि सेकंदाला किती ठोके तो टिकरेट. काउंटर-स्ट्राइक सोर्सच्या ६६ टिकच्या सर्व्हरवर एक टिक १५ मिलिसेकंदांचा, १०० टिकवर १० चा, त्यानंतरच्या सीएस-गोमध्ये ६४ टिकवर १५.६२५ आणि १२८ वर ७.८१२५. म्हणून तुला कधीकधी दिसतं ना की दोघांचा टाइम अगदी शेवटच्या अंकापर्यंत सेम आहे, तो योगायोग नसतो, दोघं एकाच टिकला पोचलेले असतात. क्वेक ३ या जुन्या शूटिंग गेमचा डीफ्रॅग मॉड घे, तिथे सगळे १२५ एफपीएसवर (सेकंदाला १२५ फ्रेम) खेळतात म्हणून तिथले टाइम ८ मिलिसेकंदांच्या पटीतच येतात, मधला आकडा निघूच शकत नाही.

आता सर्फमध्ये वेग किती असतो ते बघ. इंजिनची डिफॉल्ट मर्यादा ३५०० युनिट (गेममधलं अंतराचं माप) प्रति सेकंद (ती पण दर अक्षाला वेगळी लागते, म्हणजे तिरपा गेलास तर एकूण वेग त्याहून जास्त दिसू शकतो, नवीन पोरं ते बघून चीटिंग म्हणून बोंबलतात). ३५०० ने जाताना १५ मिलिसेकंदांच्या एका टिकमध्ये तू ५२ युनिट पुढे सरकलेला असतोस आणि खेळाडूची रुंदी आहे ३२ युनिट. म्हणजे एका टिकला तू झोनच्या बाहेर, पुढच्या टिकला चांगला आत घुसलेला, मधे रेघ कधी ओलांडलीस ते सर्व्हरने बघितलंच नाही. चांगले टायमर मग मागच्या-पुढच्या जागेवरून हिशोब करून टिकचा अपूर्णांक काढतात. जुने टायमर सरळ पूर्ण टिक पकडतात. तर दोन सर्व्हरवरचे टाइम शेजारी ठेवून भांडायच्या आधी टायमर कुठला आहे ते विचारायचं.

आणि टिकरेटचा खरा लोचा घड्याळात नाहीच, तो वेगात आहे. हे नीट समजून घे, कारण याच कारणाने वेगळ्या टिकरेटचे रेकॉर्ड एका यादीत टाकत नाहीत. हवेत असताना इंजिन तुझा एकूण वेग बघत नाही, तू ज्या दिशेला की दाबलीयस त्या दिशेला तुझा वेग किती आहे तेवढंच बघतं, आणि तो ३० युनिटच्या आत असेल तर त्या दिशेला ३० पर्यंत भर घालतं. १९९६ च्या क्वेकपासून हे असंच चालत आलंय, सगळं बनीहॉपिंग, सर्फ, स्ट्रेफिंग (डावी-उजवी की दाबून बाजूला सरकणं) त्या एका ३० च्या आकड्यावर उभं आहे. तू पुढे जात असताना बरोबर काटकोनात स्ट्रेफ दाबलास तर त्या दिशेला तुझा वेग शून्य, म्हणून इंजिन तुला पूर्ण ३० देऊन टाकतं. पायथागोरस लाव, २५० चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, एका टिकला २५० चे झाले २५१.८. पण हेच १००० च्या वेगाला केलंस तर १००० चे १०००.४५, म्हणजे जितका वेगात तितकी कमाई कमी. आणि ही कमाई दर टिकला मिळते, तर ज्या सर्व्हरवर सेकंदाला जास्त टिक तिथे कमाई जास्त. चाकू हातात धरून २५० ने सुरुवात केली आणि हवेत एक सेकंद एकदम परफेक्ट स्ट्रेफ केलं असं धर, ६६ टिकवर साधारण ३५० होतात, १०० टिकवर ३९०. माणूस तोच, हात तेच, ४० युनिटचा फरक. आता सांग, या दोघांना एका लीडरबोर्डवर ठेवायचं कसं?

एअर-अ‍ॅक्सिलरेटचा आकडा (हवेत किती झपाट्याने वेग पकडता येतो ती सेटिंग) वेगळा, तो वाढवला की हवेत वळणं कडक घेता येतात. सर्फला १०० किंवा १५० ठेवतात, बीहॉपला सरळ १०००. हाही बदलला की जुने टाइम बाजूला ठेवावे लागतात. सीएस-गोच्या जागी सीएस २ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा ६४ टिक आणि वर ते सबटिक, म्हणजे तुझी की टिकच्या मधे नक्की कधी दाबली गेली तेही सर्व्हरला कळतं, त्यामुळे हालचालीचं सगळं गणितच हललं आणि सीएस-गोचे रेकॉर्ड तिकडे नेण्यात अर्थ उरला नाही, यादी वेगळी सुरू झाली. बरेच जुने लोक अजून सोर्सवरच आहेत ते काही फक्त हट्टापायी नाही.

अजून एक, प्रीस्पीड. स्टार्ट झोनच्या आतच गोल गोल उड्या मारून वेग कमावून बाहेर पडता आलं तर रन सुरू व्हायच्या आधीच निम्मा जिंकलास, म्हणून झोनमधून बाहेर पडताना वेगाला मर्यादा असते. केझेडमध्ये, म्हणजे चढाईच्या मॅपवर, केझेडटायमर मोडला प्रीस्ट्रेफ (उडीआधी जमिनीवर वळत कमावलेला वेग) २७६ पर्यंत चालतो, व्हॅनिला मोडला गेमचे नेहमीचे २५०. तुमच्या लीगला हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा, नाहीतर पहिली भांडणं यावरूनच होणार.

आता पॉइंट. सर्फच्या बऱ्याच सर्व्हरवर सर्फटायमर नावाचं ओपन-सोर्स प्लगिन किंवा त्यातून निघालेलं काहीतरी चालतं, त्याचा डिफॉल्ट हिशोब सांगतो, अ‍ॅडमिन आकडे बदलू शकतो ते सोड. प्रत्येक मॅपचे दोन प्रकारचे पॉइंट असतात. एक, नुसता पूर्ण केल्याचे, मग कितीही वेळ लागो, हे टिअरवर ठरतात, टिअर १ ला २५, टिअर २ ला ५०, टिअर ३ ला १००, टिअर ४ ला २००. दोन, नंबराचे. पहिल्या नंबरचे पॉइंट किती हे टिअर आणि मॅप किती जणांनी पूर्ण केलाय यावरून निघतं, आणि त्याला एक तळ आहे, टिअर १ ला कमीत कमी २५०, टिअर २ ला ५००, टिअर ३ ला ७५०, टिअर ४ ला १०००. दुसऱ्या नंबरला पहिल्याच्या ८० टक्के, तिसऱ्याला ७५, आणि असं पाच-पाच टक्के उतरत दहाव्याला ४०. अकराव्यापासून नंबर संपतो, ग्रुप सुरू होतो. वरचे ३.१२५ टक्के लोक पहिला ग्रुप, ६.२५ पर्यंत दुसरा, मग १२.५, २५, आणि ५० टक्क्यांपर्यंत पाचवा. पहिल्या ग्रुपला रेकॉर्डच्या पाव पॉइंट, पुढच्या प्रत्येक ग्रुपला आधीच्याला दीडने भागायचं. खालच्या निम्म्या पब्लिकला नंबराचे काहीच नाहीत, फक्त पूर्ण केल्याचे.

तुझा मॅप यात घालून बघ. टिअर १ ला रेकॉर्डचे पॉइंट काढतात ते असे, पूर्ण करणाऱ्यांची संख्या गुणिले १.७५ भागिले ६, त्यात ५८.५ मिळवायचे. ४००० लोक म्हणजे साधारण १२२५. पहिला ग्रुप १२५ व्या नंबरपर्यंत, ३०६ पॉइंट. दुसरा २५० पर्यंत, २०४. तिसरा ५०० पर्यंत, १३६. चौथा १००० पर्यंत, ९१. तू ९०० वा, म्हणजे ९१ अधिक पूर्ण केल्याचे २५, झाले ११६. तुझ्या मित्राचा मॅप ३०० जणांचा, तो २०० च्या खाली म्हणजे निम्म्याच्याही खाली, नंबराचे शून्य, पण टिअर ४ पूर्ण केल्याचे २०० आहेतच. जमला हिशोब.

आता याच्यातली खरी मजा बघ. तू उद्यापासून परत घासायला बसलास आणि ९०० वरून ५०१ वर आलास, म्हणजे जवळपास ४०० माणसं मागे टाकलीस, तर तुला किती पॉइंट वाढतील? शून्य. ग्रुप तोच. अजून एक माणूस मागे टाकून ५०० ला पोचलास की एकदम ४५ वाढतात. आणि दहाव्या नंबरला ४९० आहेत, अकराव्याला ३०६, तिथे एका नंबराला १८४ पॉइंटची दरी आहे, म्हणून दहाव्या नंबरवाला रोज रात्री लीडरबोर्ड उघडून बघत असतो. पहिल्या-दुसऱ्यात २४५ चा फरक, मग टाइममध्ये फरक एका टिकचा का असेना. उलट बाजूने, तू काही न करता झोपून राहिलास आणि अजून ४०० नवीन लोकांनी तो मॅप तुझ्यापेक्षा हळू पूर्ण केला तर तुझे ९१ चे ९९ होतात, कारण रेकॉर्डचे पॉइंट वाढले की खालच्यांचेही वाढतात. म्हणजे पॉइंट जिवंत असतात, आज दिसले तेच महिन्याने दिसतील असं नाही, आणि कोणीतरी तुला ढकलून खाली नेलं तर तुझ्या टाइमला काहीही न होता पॉइंट उतरतात.

हे सगळं असं का ठेवलंय? कारण सर्फवाल्यांना वाटतं की लोकांनी मॅप फिरावेत. शेकड्याने मॅप आहेत, सगळे पंधरा-वीस सोप्या मॅपवरच अडकले तर बाकीच्यांवर धूळ बसेल. म्हणून अवघड मॅप पूर्ण करण्याला घसघशीत पॉइंट, आणि मधल्या नंबरवाल्याला दशांश सेकंदासाठी काही खास बक्षीस नाही. तुझा वेळ तू त्या फॉर्म्युल्याला नको असलेल्या जागी घातलास एवढंच झालंय. तुला पॉइंटच हवे असतील तर टिअर ३ चे पाच मॅप नुसते पूर्ण कर, ५०० तिथेच बसतात. पण त्या टिअर १ वर घासताना तुझं रॅम्पवर उतरणं सुधारलं असेल तर ते फुकट गेलं असं मी तरी म्हणणार नाही, टिअर ३ वर तेच कामाला येतं, तुझ्या मित्राला विचार टिअर १ चा टाइम काय आहे त्याचा.

बीहॉपवाल्यांचं डोकं वेगळं चालतं. तिकडे जो टायमर सर्रास दिसतो त्यात पॉइंट मुख्यतः रेकॉर्डचा टाइम भागिले तुझा टाइम या गुणोत्तरावर जातात, टिअरने गुणून, शिवाय स्टाइलचा गुणक, म्हणजे साइडवेज (आडवं तोंड करून) किंवा फक्त डब्ल्यू (नुसती पुढची की) वगैरे स्टाइलला वेगळा भाव. फरक कसा ते आपल्याकडच्या पोरांना लगेच कळेल, सर्फचं म्हणजे सीईटीचं पर्सेंटाइल, तुझ्या मागे किती जण एवढंच बघतात, बीहॉपचं म्हणजे बोर्डाचे टक्के, पेपर किती सोडवलास ते. पर्सेंटाइलमध्ये एका मार्काने शंभर जण पुढे जाऊ शकतात, टक्क्यांमध्ये एक मार्क म्हणजे एक मार्क.

आणि बीहॉपमध्ये एकूण बेरीज करताना अजून एक गोष्ट करतात, तुझे सगळे मॅप पॉइंटनुसार उतरत्या क्रमाने लावायचे, पहिल्याचे पूर्ण धरायचे, दुसऱ्याचे ०.९७५ पट, तिसऱ्याचे परत त्याच्या ०.९७५ पट, असं खाली. ५० व्या मॅपपर्यंत येता येता जेमतेम २९ टक्के उरतात, १०० व्याचे ८ टक्के. या मालिकेची बेरीज कितीही मॅप केलेस तरी ४० च्या पुढे जात नाही, म्हणजे तुझा सगळ्यात भारी मॅप १०० चा असेल तर एकूण ४००० हे छत, मग तू हजार सोपे मॅप पूर्ण कर नाहीतर दोन हजार. सर्फच्या बरोबर उलटी ओढ आहे ही. तिकडे फिर म्हणतात, इकडे म्हणतात की जे येतं ते नीट कर आणि जड मॅप घे. मला स्वतःला हे जास्त पटतं. सर्फच्या एकूण यादीत वरती बऱ्याचदा ज्याच्याकडे वेळ जास्त तो दिसतो, बीहॉपच्या यादीत वरती हात चांगला असलेला दिसतो. अर्थात नवीन माणसाला ही यादी जाम कंटाळवाणी वाटते कारण पहिले काही मॅप झाले की आकडा हलतच नाही.

केझेडमध्ये आधी रन दोन खात्यांत जातात. चेकपॉइंट लावून पडल्यावर परत तिथे टेलिपोर्ट झालास तर ती टीपी रन, एकदाही टेलिपोर्ट न वापरता केलीस तर प्रो. सीएस-गोच्या केझेडमध्ये टिअर १ ते ७ होते आणि ग्लोबल यादीत प्रत्येक मॅपला ० ते १००० पॉइंट, रेकॉर्डला पूर्ण १०००. बाकीच्यांना किती हे साधं नंबरावरून नाही, साधं गुणोत्तरही नाही, त्या मॅपवरचे सगळे टाइम कसे पसरलेत त्यावर एक वक्र बसवून काढतात. कारण तीस सेकंदांच्या मॅपवरचा एक सेकंद आणि वीस मिनिटांच्या मॅपवरचा एक सेकंद यांना सेम कसं तोलणार. मला विचारशील तर तिघांमध्ये सगळ्यात न्याय्य हेच, पण पोराला समजावून सांगायला सगळ्यात अवघड, आणि हजारो टाइम असल्याशिवाय वक्र नीट बसत नाही, त्यामुळे तुमच्या बारा जणांना याचा उपयोग शून्य.

आता गेमने स्वतःच दिलेलं स्कोअरिंग बघ. टायटनफॉल २ च्या गॉन्टलेटमध्ये, म्हणजे पळत गोळ्या झाडत पार करायच्या सराव कोर्समध्ये, समोरचे टार्गेट सोडून पळालास तर टाइममध्ये दंड मिळतो, तिथे गोळीबार घड्याळात धरलाय. अल्ट्राकिलमध्ये टाइम, किल आणि स्टाइल तिन्ही वेगळे मोजतात आणि पी-रँक, म्हणजे सगळ्यात वरची, हवी तर तिन्हीत एस ग्रेड पाहिजे, तेही मधे रीस्टार्ट न करता. गेमने स्वतः दिलेलं स्कोअरिंग असं असतं. सर्फ-बीहॉप-केझेडचं सगळं लोकांनी नंतर बसवलंय, काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्यातलं काही दिलेलं नाही, म्हणून एवढे फाटे.

पिंगचं आता. सर्फ, बीहॉप, केझेडमध्ये तुझी स्वतःची हालचाल तुझ्याच मशीनवर आधी चालते आणि सर्व्हर तुझ्या कमांड त्याच क्रमाने नंतर चालवतो, टायमरही त्या टिकवरच मोजतो. त्यामुळे सिंगापूर काय, युरोप काय, १५० पिंगवर टाइम खराब होत नाही, आपल्याकडचे कितीतरी जण युरोपच्या सर्व्हरवर बसून झकास टाइम काढतात. वाट लागते ती पॅकेट लॉसने. कमांड सर्व्हरला पोचलीच नाही की तुझ्या स्क्रीनवर तू रॅम्पवर आणि सर्व्हरच्या मते तू खड्ड्यात, मग झटक्याने मागे खेचला जातोस. पावसाळ्यात बिल्डिंगवरून लोंबकळणाऱ्या केबलवाल्याच्या लाइनवर हे कायम होतं, त्यात वायफाय असेल तर बघायलाच नको. केबल लाव, निम्मा त्रास तिथेच जातो. अपवाद टीम फोर्ट्रेस २ च्या रॉकेट जंपचा, म्हणजे पायाशी रॉकेट फोडून त्याच्या धक्क्याने मारलेल्या उडीचा. तिथे रॉकेट तुझ्या मशीनवर आधी चालत नाही, सर्व्हरवर सुटतं आणि मग तुला दिसतं, धक्काही तिथूनच येतो, त्यामुळे जास्त पिंगला हाताला सवय लागावीच लागते. त्या जंपमध्ये सोल्जर आणि डेमोमन या दोन पात्रांच्या याद्या आणि टिअरही वेगळे असतात कारण जो मॅप एकाला सोपा तो दुसऱ्याला डोक्याला शॉट असू शकतो.

राहिली तुमची लीग. सर्फटायमरचा डिफॉल्ट फॉर्म्युला तसाच लावू नका, बारा जणांत तो पार कोसळतो. बघ ना, टिअर १ चा मॅप, १२ जण, रेकॉर्डला तळाचे २५०, दहाव्याला त्याच्या ४० टक्के म्हणजे १००. हा दहावा भले रेकॉर्डपेक्षा चौपट वेळ लावून आला असेल. आणि अकरावा-बारावा वरच्या निम्म्यातही नाहीत, त्यांना फक्त २५. म्हणजे दहावा आणि अकरावा एका सेकंदाच्या अंतराने आले तर एकाला १२५, दुसऱ्याला २५. पोरं दुसऱ्या आठवड्यात यायची बंद होतील.

गुणोत्तर ठेवा. १००० गुणिले त्या आठवड्याचा सगळ्यात चांगला टाइम भागिले तुझा टाइम. बेस्ट ६० सेकंद असेल तर ७५ वाल्याला ८००, ९० वाल्याला ६६७, अडीच मिनिटं लावणाऱ्यालाही ४००. कोणी हाकललं गेल्यासारखं वाटत नाही. याची एक खोड आहे, ६०.०० आणि ६०.१० मध्ये जेमतेम दोन पॉइंटचा फरक पडतो त्यामुळे वरचे दोघं-तिघं शेवटी घासायचं सोडून देतात, म्हणून पहिल्या तिघांना वरून ३०, २०, १० असे फुटकळ बोनस द्या, चुरस राहते. बेस्ट टाइम तुमच्यातल्याच कोणाचा धरा. जगाचा रेकॉर्ड भागायला घेतलात तर सगळेच चारशे-पाचशेवर लोळत राहतील आणि कोणालाच मजा येणार नाही. आणि आठवडा संपला की तो आकडा गोठवा, नाहीतर तीन आठवड्यांनी कोणीतरी जुन्या मॅपवर जाऊन बेस्ट मोडणार आणि सगळ्यांचे जुने पॉइंट खाली येणार, मग राडा.

मॅप आठ ठेवा, त्यातले प्रत्येकाचे चांगले सहा धरा. सबमिशन, गणपती, कोणाची नाइट शिफ्ट, एखाद-दोन आठवडे सगळ्यांचेच चुकतात. ज्याच्याकडून मॅप पूर्णच झाला नाही त्याला शून्य देऊ नका, स्टेजवाला मॅप असेल तर गाठलेल्या स्टेजप्रमाणे थोडे द्या, पण पूर्ण करणाऱ्या सगळ्यात हळू माणसापेक्षा ते कमी राहतील एवढं बघा. टाइम सेम आला तर ज्याने आधी लावला तो वर, हा सगळीकडचा रिवाज आहे, त्यावर चर्चा नको. टिकरेट, एअर-अ‍ॅक्सिलरेट, प्रीस्पीड आणि ऑटोबीहॉप (जंप दाबून धरली की आपोआप उड्या) चालू की बंद हे चार आकडे सीझन सुरू व्हायच्या आधी ग्रुपवर पिन करा आणि मधे कोणाच्याही बापाने सांगितलं तरी बदलू नका. कीबोर्डचंही ठरवून टाका, त्या स्नॅप-टॅपसारख्या फीचरला (उलट दिशेची की दाबताच आधीची आपोआप सुटते) व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये सीएस २ च्या ऑफिशियल सर्व्हरवर बंदी घातली, पण तुमचा सर्व्हर तुमचा, बंदी घाला किंवा सगळ्यांना मोकळीक द्या, अर्धवट ठेवू नका. रीप्ले चालू ठेवा, प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या तिघांचा रीप्ले सगळ्यांनी बघायचा, त्याने शंकाही मिटतात आणि खालच्यांना रूटही कळतो, तसाही अर्धा टाइम रूटमध्येच असतो.

टिअर मात्र लीगमध्ये ठेवूच नका. टिअर हे मोजून काढलेलं काही नसतं, माझ्यासारखा कोणीतरी मॅप दोन-चारदा खेळून, चार जणांना विचारून आकडा टाकतो, आणि ज्याला रॅम्प जमतो त्याला ३ वाटतो, ज्याला नाही जमत त्याला ५. बारा जणांत यावरून फक्त डोकी फुटतील. सगळे मॅप हजाराचेच, सुरुवातीचे सोपे, शेवटचे दोन जड, इतकंच. झोनच्या फाइल्स लागल्या तर सांग, टिअर १ ते ३ च्या नेहमीच्या मॅपच्या माझ्याकडे पडून आहेत, प्रीस्पीडची मर्यादा फक्त तुमच्या हिशोबाने बदलून घ्या.